मधला कॉलम

गल्लीत सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. एका बड्या कंत्राटदारानं एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "ह्याच्या भिंतीला ओळंबा लावायचा नसतो, ह्याच्या भिंतीवरून ओळंबा तपासायचा असतो." तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता साठी आली होती, गुडघ्यांवर बसायला त्रास होत होता, तरी लोक घर बांधायचं म्हटलं की आधी त्याचा उंबरा झिजवत.

त्याचं स्वतःचं घर त्यानं स्वतः बांधलेलं. एकतीस वर्षांपूर्वी, दुसऱ्यांची कामं संपल्यावर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, दोन वर्षं खपून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे कपडे वाळत घालायची मोकळी जागा.

त्या रविवारी सकाळी त्याच्या लेकीनं टेबलावर मोठा कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि म्हणाली, "बाबा, बघा. वरचा मजला."

लेक पुलांची तपासणी करणाऱ्या कचेरीत इंजिनियर होती. ती आणि तिचा नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या एका खोलीत राहत. घरमालकानं सहा महिन्यांत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. इकडे आईचे गुडघे पार कामातून गेलेले. वर एक मजला चढवला की दोन्ही प्रश्न सुटत होते. नकाशा तिनं तीन रात्री जागून काढला होता. जिना कुठून, खिडक्या कुठे, आईची हाक वर ऐकू जावी म्हणून जाळी कुठे, सगळं त्यात होतं.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांना वर नेतोय. आता एकदाचा मीही वर जाईन म्हणतो."

बायको हसली. लेक हसली. ओळंबा हसला नाही. तो नकाशाकडे बघत राहिला, मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "मजला नको. हे घर विकून टाकू. सगळ्यांना पुरेल असं दुसरं घेऊ."

बायकोच्या हातातला चमचा कपात तसाच राहिला.

"काय म्हणालात?"

"विकू म्हटलं. गल्ली पूर्वीची राहिली नाही. गाड्यांचा आवाज, गटार तुंबतं..."

"गटार तीस वर्षं तुंबतंय," बायको म्हणाली. "आत्ता गेल्या महिन्यात शेजाऱ्यांना सांगत होता, या घरातून मला चौघांनी उचलूनच न्यावं लागेल म्हणून. आणि आज एकदम गटार?"

"माणसानं मत बदलू नये का?"

"बदलावं की. पण कारण तरी धड द्यावं."

लेक बापाकडे बघत होती, कामावर भेगेकडे बघावं तशी.

कारण धड होतं, पण ते त्याच्या तोंडून निघणार नव्हतं. ते पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं.

घराला नऊ कॉलम. त्यातला मधला, जिथं दोन्ही बीम येऊन टेकतात, तो सगळ्या छताचा भार झेलणारा. तो कॉलम त्यानं एका संध्याकाळी घाईत भरला होता. काँक्रीट ओतल्यावर ते सळईनं नीट कोचून बसवावं लागतं, म्हणजे आत हवा राहत नाही. अंधार पडत होता, तो दमला होता, त्यानं कोचायला हवं तेवढं कोचलं नाही. दोन दिवसांनी पहाटे त्यानं फळ्या काढल्या. खाली हात जाईल एवढी भोकं होती, खडी उघडी पडलेली, सळया दिसत होत्या.

असा कॉलम फोडायचाच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तासाभरात त्याचे दहाबारा सोबती गवंडी येणार होते, छताच्या फळ्या बांधायला. मजुरी न घेता, नुसत्या मैत्रीखातर. तो नुकता मिस्त्री झाला होता. त्याच्याहून वयानं मोठी माणसं त्याच्या हाताखाली काम करायला लागली होती, आणि काहींना ते सलतही होतं. स्वतःच्या घराचा मधला कॉलम असा? ते पोट धरून हसले असते. त्यानं घाईघाईनं सिमेंटचा दाट माल कालवला, भोकं बुजवली, वरून गिलावा ओढला, लाकडी रंध्यानं घासून गुळगुळीत केला. सोबती आले तेव्हा तो हात धूत होता. एकानं कॉलमवर थाप मारून म्हटलंही, "वा! आरसा केलाय."

छताचा भार त्या कॉलमनं झेलला. एकतीस वर्षं झेलला. पण वरून एक मजला चढला तर तो झेलणार नाही, हे ओळंब्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यानंच ते कपाट तिथं लावून घेतलं होतं. अलीकडे कपाटामागे हात घालून पाहिलं की बोटांना एक बारीक भेग लागायची, आणि दिवाळखोरानं तिजोरी चाचपावी तसा तो ती रोज चाचपायचा.

शेवटी जावयानं तोडगा काढला. दोन्ही करून बघू. विकायला असलेली घरं बघू, हे घर कुणी घेतं का तेही बघू, आणि तोवर लेक कचेरीतल्या, भिंत न फोडता आतली पोकळी दाखवणाऱ्या यंत्रानं घराची तपासणी करेल. जे सोयीचं पडेल ते.

"तपासणी कशाला?" ओळंबा जरा जास्तच जोरात म्हणाला. "घर मी बांधलंय."

"म्हणून तर पटकन होईल," लेक म्हणाली. "पुढच्या रविवारी आणते यंत्र."

म्हणजे त्याच्या हातात सहा दिवस होते.

मंगळवारी ते एक फ्लॅट बघायला गेले, चौथ्या मजल्यावरचा. ओळंब्यानं आत पाऊल टाकलं आणि त्याचा हात आपोआप भिंतीवर गेला. टकटक करून तो म्हणाला, "पोकळ." मग न्हाणीघरात गेला. "उतार उलटा आहे, पाणी दाराकडे येणार." मग खिडकीपाशी. "चौकट वाकडी. पावसाळ्यात बंद होणार नाही." दाखवायला आलेल्या दलालाचा चेहरा पडत चालला. बायको एकुलत्या एका खुर्चीवर बसून गुडघे चोळत होती. ती म्हणाली, "परक्या घरात शिरल्याबरोबर सतरा चुका काढल्यात. आपल्या घरात मात्र एकसुद्धा सापडत नाही, आणि तरी ते विकायचं. काय समजायचं मी?"

खाली उतरताना त्यानं तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण प्रश्न मागे घेतला नाही.

गुरुवारी दुपारी घर बघायला एक शिक्षिका आली. चाळिशीची, हातात मोजपट्टी, बोलणं मोजकं. तिनं खोल्या मोजल्या, नळ सोडून पाहिले, मागच्या मोकळ्या जागेत उभी राहून आभाळाकडे पाहिलं. ओळंब्यानं मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. व्यवहार होताना सहज म्हणायचं, की वर काही चढवू नका, खाली आहे तेच छान आहे. म्हणजे खोटंही बोलल्यासारखं नाही आणि खरंही सांगावं लागणार नाही. चार रात्री हा हिशेब त्यानं घोटला होता आणि दर वेळी तो बरोबर आल्यासारखा वाटला होता.

शिक्षिका पुढच्या खोलीत येऊन बसली. बायको चहा घेऊन आली.

"मला हे घर वरच्या मजल्यासाठी हवंय," शिक्षिका म्हणाली. "वर एक मोठी खोली काढायची. संध्याकाळी वीस-बावीस मुलं येतात माझ्याकडे शिकायला. इंजिनियर नंतर आणीनच, पण तुमच्याबद्दल सगळीकडे ऐकलंय. तुम्ही सांगा, मजला चढेल ना? तुमच्या शब्दावर पुढं जाते मी."

ओळंब्यानं तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "अहो, यांच्या हातचं घर आहे. एक काय, तीन मजले चढतील."

विकायला तिचं मन होत नव्हतं, पण नवऱ्याच्या हाताची कीर्ती सांगायची वेळ आली तर ती मागे राहणारी नव्हती. ती कपाटाला टेकून उभी होती. त्याच कपाटाला.

वीस-बावीस मुलं. ओळंब्याला ती दिसली. पळत जिना चढणारी, उड्या मारणारी. त्यानं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"चढणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मजला चढणार नाही. मधला कॉलम आतून पोकळ आहे. मी भरताना पोकळी राहिली. मला तेव्हाच कळलं होतं. मी गिलावा केला."

हे सगळं त्यानं जमिनीकडे बघत, एका दमात सांगितलं. शिक्षिका मोजपट्टी पिशवीत टाकत म्हणाली, "हे तुम्ही मला फोनवर सांगायला हवं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकून आले." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "पण सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

बायको कपाटापासून दूर झाली होती. ती खोलीच्या मधोमध उभी राहून वर बीमकडे बघत होती.

"तिथं पाळणा बांधला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या कडीला. तुम्हीच बांधलात."

"अगं..."

"तुम्ही रोज सकाळी उठून कामावर जात होता. दिवसभर ह्या छताखाली आम्ही दोघी असायचो. मी आणि ती."

ती आत गेली, फोन उचलला आणि लेकीला म्हणाली, "ये. तुझ्या वडिलांना काही सांगायचंय." त्यानंतर त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

लेक तासाभरात आली. जावईही आला. तिनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग दोघांनी कपाट सरकवलं. तिनं बापाच्या हत्यारांच्या पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि स्वतः गिलावा फोडला. पहिले दोन पापुद्रे गेले, आतला दाट माल गेला, आणि मग हातोडीचा आवाजच बदलला. तिनं हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना गंज लागला होता.

"किती सळया आहेत?"

"सहा."

"दोन जवळजवळ गेल्यात." ती कामावरच्या आवाजात बोलत होती. मग रुमालानं बोटं पुसता पुसता तो आवाज तिला सांभाळता आला नाही. "बाबा, आणखी किती?"

"कुठं?"

"लोकांची घरं. तुम्ही बांधलेली. आणखी किती कॉलम असे आहेत?"

ओळंब्याला वाटलं, कुणीतरी कानशिलात मारली. आजवर त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःही नाही.

"एकही नाही. देवाशपथ. त्या दिवसानंतर एकही नाही."

"मी कसं मानू?"

जावई मान खाली घालून उभा राहिला. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"आजपासून इथं कुणी झोपायचं नाही," लेक म्हणाली. जावयानं संध्याकाळच्या आत कुठून कुठून फोन करून लोखंडी टेकू आणले, खालून पेच फिरवला की वर चढून छताला भिडणारे. चौदा टेकू बीमखाली लागले. मग चौघंजण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या एका खोलीत राहायला गेले. एका खोलीत चार माणसं आणि त्यातली दोन एकमेकांशी न बोलणारी. पाणी हवं असलं तरी बायको जावयाला म्हणायची, "त्यांना विचारा, पाणी झालं का पिऊन."

विकायचा विषय आपोआप मिटला होता. सांगून कुणी घेणार नव्हतं, आणि न सांगता विकायचं तोंड आता राहिलं नव्हतं. लेकीनं दोन वाटा मांडल्या. घर पाडून जागा मोकळी करायची, नाहीतर छत टेकूंवर उचलून धरायचं, मधला कॉलम तेवढा फोडायचा आणि नवा भरायचा. दुसऱ्या वाटेत धोका होता, पण नीट केलं तर होण्यासारखं होतं. मजला मात्र विसरायचा. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या छपराची हलकी खोली निघेल, ती दोघांना पुरेल.

"घर मी सोडणार नाही," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता, "पण त्या कॉलमला यांचा हात लागता कामा नये."



कामाला आला तो एक मिशीवाला मिस्त्री. पंधरा वर्षांपूर्वी ओळंब्याच्याच हाताखाली माल कालवायला शिकलेला. त्यानं फोडलेल्या गिलाव्यात डोकावून पाहिलं आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला.

"मिस्त्री, माझा पहिला कॉलम तुम्ही फोडायला लावला होता. एवढंसं भोक होतं, बोट जाईल एवढं. मी रडलो होतो. तुम्ही म्हणालात, गिलाव्याखाली काय आहे ते गिलावा करणाऱ्याला रोज दिसतं."

"म्हणालो होतो."

"मला तेव्हा वाटलं, काय माणूस आहे!"

ओळंब्यानं मान फिरवली. ते वाक्य ओळंबा स्वतःच्याच दुखण्यातून बोलला होता हे मिशीवाल्याला आत्ता कळलं, आणि त्यानं विषय पुढे नेला नाही.

कॉलम फोडायच्या दिवशी ओळंब्याची जागा ओट्याच्या बाहेर, गल्लीत होती. आत मिशीवाला, त्याचा एक माणूस, जावई, आणि टेकूंच्या मधून वाकून हिंडणारी लेक. बायको समोरच्या घराच्या पायरीवर बसलेली. गल्लीतली माणसं येता-जाता थांबत, काय चाललंय विचारत. लपवायचं आता काय राहिलं होतं? तो सांगायचा, "कॉलम पोकळ निघाला. माझाच." काही हळहळायचे, काही लगेच पुढे जायचे. एकानं तर तिथंच विचारलं, "आमच्या घराचं काय मग?"

साडेअकराच्या सुमाराला कॉलम कमरेपर्यंत फुटला. आता छताच्या मधल्या भागाचा भार सगळा टेकूंवर होता. आतून हातोड्याचे ठोके येत होते, एकसारखे. आणि त्या ठोक्यांमध्ये ओळंब्यानं एक वेगळाच आवाज ऐकला. बारीक. "टक्." फरशी तडकल्याचा.

आत कुणाला तो ऐकूच गेला नव्हता. ठोके चालूच होते.

"थांबा!" ओळंबा ओरडला. "ठोकू नका! कुणी हलू नका!"

तो धावत आत शिरला. स्वयंपाकघराच्या बाजूच्या तिसऱ्या टेकूखालची फरशी फुटून टेकू बोटभर खचला होता, छताला तो आता नुसता नावाला टेकलेला. वर गिलाव्यात एक रेघ सरकत होती, डोळ्यांदेखत. त्या रेघेच्या बरोबर खाली लेक उभी होती.

"बाबा..."

"तिथंच राहा. हात वर करू नको."

कोपऱ्यात जादा आणलेला एक टेकू पडला होता. त्यानं तो उचलला, जो दोन माणसं मिळून उचलत होती. एक जाड फळी पायानंच ओढून जागेवर सरकवली, टेकू तिच्यावर उभा केला आणि गुडघ्यांवर बसून पेच फिरवायला लागला. एक वेढा. दोन. गुडघ्यांतून कळ निघत होती. मिशीवाला पुढे येऊ लागला तसा तो गुरकावला, "हलू नको म्हटलं ना!" सहाव्या वेढ्याला टेकू छताला भिडला. आठव्याला त्यानं भार घेतला. रेघ थांबली.

गिलाव्याची पांढरी भुकटी थोडा वेळ लेकीच्या केसांवर पडत राहिली, मग तीही थांबली.

"आता ये," तो म्हणाला. "हळू. माझ्या मागून."

बाहेर आल्यावर लेक ओट्यावर बसली. बायको गुडघेदुखी विसरून धावत आली होती. तिनं आधी लेकीला चाचपलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तळहाताची साल निघाली होती. तिनं पदराचा काठ फाडून त्याचा हात घट्ट बांधला. गाठ जरा रागानंच मारली.

लेक पाणी प्यायली, उठली आणि आत जाऊन तिनं सगळ्या टेकूंखाली जाड फळ्या घालायला लावल्या. चूक तिच्याही हिशेबात होती. फरशीखाली पोकळ असेल हे तिनं धरलं नव्हतं. तिनं तसं वहीत लिहिलं आणि संध्याकाळी बापाला सांगितलंही. "मी फरशी तपासायला हवी होती."

"हं," तो म्हणाला.

नवा कॉलम चार दिवसांनी भरला. सळईनं कोचायला मिशीवाला होता आणि लेक बाजूला उभी राहून कोचायला लावत होती. पाणी मारायचं काम मात्र ओळंब्याकडे आलं. बायकोनंच ते दिलं. म्हणजे जावयाला म्हणाली, "त्यांना सांगा, निदान पाणी तरी मारा." तो दिवसातून सहा वेळा बादली घेऊन जायचा. पोतं ओलं ठेवायचा. हात कॉलमला लागू द्यायचा नाही.

बातमी पसरायची ती पसरलीच. हातातली तीन कामं गेली. एका घरमालकानं तर चाललेलं काम थांबवून दुसरा मिस्त्री आणला. ओळंब्यानं तक्रार केली नाही. एका सकाळी त्यानं शाळकरी मुलाची रेघांची वही घेतली आणि आठवून आठवून यादी केली. एकतीस वर्षांत जिथं जिथं त्यानं कॉलम भरले ती घरं. सत्तेचाळीस निघाली. यादी लेकीपुढं ठेवून तो म्हणाला, "तू विचारलं होतंस. मी नुसतं नाही म्हणून भागणार नाही. तुझं यंत्र घेऊन चल."

तेव्हापासून दर रविवारी बापलेक निघतात. घरमालकाला खरं काय ते सांगायचं, मग तपासायचं. काही जण दार लावून घेतात. काही चहा पाजतात. आजवर सोळा घरं झाली आणि सोळाही चांगली निघाली. एकतीस राहिलीत. लेक अजून "मानलं" म्हणालेली नाही. त्यानंही तिला विचारलेलं नाही.

टेकू निघाले, सगळे घरी परत आले, मागच्या खोलीचं काम सुरू झालं. लेक-जावई पुढच्या महिन्यात राहायला येणार. परवा बायको मागच्या जागेत उभी राहून विटांचे ढीग बघत होती. ओळंबा दोरी लावून पहिल्या थराची रेघ आखत होता. अचानक ती म्हणाली, "अहो, खिडकी ह्या बाजूला घ्या. सकाळचं ऊन येईल."

मधे जावई नव्हता. थेट त्यालाच म्हणाली. तो आखता आखता थांबला. जागेकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

"घेता येईल," तो म्हणाला.

"येईल ना? मग आधी तिला फोन करून विचारा," बायको म्हणाली, "आणि मग आखा."

त्यानं दोरी खाली ठेवली आणि फोन लावला.